पोटावरच्या दोन जागा

"इंजेक्शनची जागा दर वेळी बदलता ना?" एस्तेर सिस्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

"हो," मी म्हणाले.

हा प्रश्न अकरा वर्षांत मला निदान तीस वेळा विचारला गेला असेल, आणि तिसाही वेळा मी हो म्हटलं होतं. माझ्या मते ते खोटं नव्हतं. सकाळी बेंबीच्या उजवीकडे, दुपारी डावीकडे, रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा उजवीकडे आणि झोपताना डावीकडे. जागा दोन होत्या आणि मी त्या बदलत होते. सिस्टरांनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आम्ही कोल्हापुरात मधुमेहाच्या हॉस्पिटलात बसलो होतो. माझी मुलगी हर्षदा तेव्हा वीस वर्षांची होती आणि इचलकरंजीत टेक्स्टाईलचा डिप्लोमा करत होती. नवव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तिचं शरीर इन्शुलिन तयारच करत नाही, म्हणून ते बाहेरून टोचायचं, रोज, जन्मभर. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं की किती दिवसांचा कोर्स आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला.

त्या मंगळवारी डॉक्टर गुळवणींच्या टेबलावर दोन रिपोर्ट होते. एक रक्ताचा. तीन महिन्यांची सरासरी अकरा पॉइंट आठ आली होती, ती सातच्या आसपास हवी. दुसरा रिपोर्ट डोळ्यांच्या डॉक्टरांचा. हर्षदाच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसायला लागले होते. डॉक्टर शांत आवाजात म्हणाले की शुगर अशीच राहिली तर दोन-तीन वर्षांत हा डोळा जाईल, आणि मग दुसऱ्याचीही खात्री देता येणार नाही. हर्षदा कॉलेजात कापडाची डिझाईनं काढायची, बारीक चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन भरत. ती खाली मान घालून ऐकत होती. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पुढची सुट्टी कधी आहे ते बघत होते.

डॉक्टरांनी मला विचारलं की डोस चुकतो का. मला राग आला. मी मागाच्या कारखान्यात कापड तपासणीला होते. दिवसभर टेबलावरून कापड ओढत न्यायचं आणि गाठ, तुटका धागा, डाग शोधायचा. डोळे मिटून नुसत्या बोटांनी मी गाठ सांगत असे, आणि शेठ नव्या बायकांना माझं काम बघायला पाठवत. डोस चुकवणारी बाई मी नव्हते. दुपारी एकच्या सुट्टीत मी चालत घरी यायचे, हर्षदा आधी शाळेतून, पुढे कॉलेजातून यायची, मी तिला टोचायचे, दोघी जेवायचो आणि मी पावणेदोनला परत टेबलावर असायचे. अकरा वर्षांत एक दुपार चुकली नव्हती. तिच्या वडिलांना सुई बघवत नसे. मी पेन हातात घेतलं की हे चप्पल घालून दारात जाऊन उभे राहायचे.

मग डोस बरोबर असताना शुगर वाढते कशाने? याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला फार वर्षांपासून माहीत होतं. पोरगी चोरून खात होती.

मी तिचं दप्तर तपासत होते, खिसे तपासत होते. शाळेत बाईंना सांगून ठेवलं होतं की हिला कुणाच्या डब्यातलं देऊ नका. नातेवाइकांकडे जायचं तर आधी फोन करून गोडाचे डबे वर ठेवायला लावायचे. ती तेरा वर्षांची असताना माझ्या दिरांच्या घराची वास्तुशांत होती. संध्याकाळी तिथेच शुगर बघितली तर चारशे बारा. मी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. ती म्हणत होती, "आई, मी खाल्लं नाही." त्या काळात ती दर वेळी असंच म्हणायची. पुढे पंधराव्या वर्षाच्या आसपास तिने ते म्हणणं सोडलं, आणि मी समजले की आता कबूल झाली.

डॉक्टरांनाही मी त्या दिवशी तेच सांगितलं. तिच्यासमोरच सांगितलं. ते म्हणाले, खात असेल किंवा नसेल, आता पंपाचा विचार करू. त्यांनी ड्रॉवरमधून काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी काढून टेबलावर ठेवली. त्यातून एक बारीक नळी निघत होती. ही डबी कमरेला लावायची, नळीचं टोक पोटाच्या कातडीखाली राहणार, ते तीन दिवसांनी बदलायचं, आणि इन्शुलिन चोवीस तास थेंबाथेंबाने आत जात राहणार. जेवणाच्या वेळी बटण दाबायचं की जास्तीचं जातं. रोजच्या चार सुया बंद.

मला ती डबी आवडली नाही. मी म्हणाले, लग्नाची मुलगी, अंगाला यंत्र बांधून कशी फिरेल? हे बोलायचं कारण होतं. खरं कारण मला तिथे बसल्या बसल्याच कळलं होतं. ती डबी माझं काम करणार होती.

हर्षदाने तिथे एवढं एकच विचारलं. "हा पंप सगळं लिहून ठेवतो का? म्हणजे किती इन्शुलिन गेलं, कधी गेलं?"

"प्रत्येक थेंबाची नोंद असते," डॉक्टर म्हणाले. "तू विसरलीस तरी तो विसरत नाही."

"मग मला पाहिजे," ती म्हणाली.

मला तिचं आश्चर्य वाटलं. नवं काही घ्यायचं म्हटलं की महिनाभर विचार करणारी मुलगी. खर्चाचं बघायचं ह्यांनी फोनवरच आपल्या अंगावर घेतलं, त्यामुळे माझं बोलणं खुंटलं. ठरलं असं की पुढच्या मंगळवारी यायचं. एस्तेर सिस्टर तिचं पोट नीट तपासतील, नळी कुठे बसवायची ती जागा ठरवतील आणि आठ दिवसांसाठी पंप लावून बघतील.

पोट तपासतील, हे शब्द माझ्या डोक्यात बसले.

आता मागचं थोडं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी इचलकरंजीतल्या पहिल्या हॉस्पिटलात नर्सने मला एक छापील कागद दिला होता. त्यावर माणसाचं चित्र होतं आणि दंड, मांड्या, पोट, कुल्ले यांवर चौकटी पाडल्या होत्या. आज इथे, उद्या तिथे, असं फिरत टोचायचं. मी पहिले पाच दिवस तसं केलं. मांडीत टोचलं की ती इतकी ओरडायची की शेजारच्या बायका दारात गोळा व्हायच्या. दंडात टोचताना तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. सहाव्या दिवशी बेंबीच्या बाजूला, दोन बोटं सोडून टोचलं, आणि ती काही बोलली नाही. मी विचारलं, दुखलं का? ती म्हणाली, थोडंसंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. महिन्याभराने ती म्हणाली, "आई, इथं आता कळतच नाही."

त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं, ते सांगता येणार नाही. माझ्या पोरीला दिवसातून चार सुया टोचायच्या आणि तिला त्या कळत नाहीत. मी तो कागद घडी करून ठेवून दिला आणि पुन्हा काढला नाही. त्या दोन जागा पुढे थोड्या फुगल्या, मऊ झाल्या, वर काळे बारीक ठिपके आले. मला वाटलं, अंग भरतंय. कापडातली बारीकशी गाठ सोडत नव्हते, पण या दोन जागांवर रोज बोट ठेवून मी कधी विचार केला नाही. मला त्या सोयीच्या वाटत होत्या.

पण जागा बदलायची असते हे मला माहीत होतं, आणि एस्तेर सिस्टर पोट बघणार होत्या. ठिपके दिसले की विचारणार. तुम्ही तर हो म्हणाला होतात, म्हणणार. तिसांतला एकेक हो माझ्या तोंडावर येणार. मला त्या बाईसमोर खोटं पडायचं नव्हतं. म्हणून पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसं मी ठरवलं, की मधल्या आठ दिवसांत पोट मोकळं ठेवायचं. ठिपके पुसट होतील, सूज उतरेल.

बुधवारी दुपारी मी तिला मांडी पुढे करायला सांगितली. ती म्हणाली, इथं का? मी म्हणाले, पंपासाठी पोट मोकळं ठेवायला सिस्टरांनी सांगितलंय. सुई गेली तसं तिने दात दाबले, पण आता ती मोठी होती, ओरडली नाही. डोस मी होता तोच दिला. दुपारचे बावीस युनिट.

बुधवारी संध्याकाळी शुगर एकशे चाळीस आली. गुरुवारी सकाळी चौऱ्याण्णव. गुरुवारी रात्री सत्तर, आणि तिला हात थरथरल्यासारखे वाटले म्हणून दोन बिस्किटं दिली. एवढे चांगले आकडे आमच्या घरात कित्येक वर्षांत आले नव्हते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी तिला जे म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"बघ, मशीन येणार म्हटल्यावर जीभ कशी आवरली. इतकी वर्षं आवरायला काय झालं होतं तुला?"

ती भाकरी मोडत होती. तिने भाकरी मोडून घेतली आणि जेवली.

शुक्रवारी दुपारी शुगर ब्याऐंशी होती. मी मांडीत बावीस युनिट दिले, ती जेवली, कॉलेजात गेली, मी टेबलावर गेले. पावणेतीनला शेठांच्या फोनवर कॉलेजातून फोन आला. हर्षदा डिझाईनच्या तासाला बाकावर डोकं ठेवून पडली होती. अंग घामाने भिजलेलं, हाक मारली तर ओ नाही. सरांनी तिच्या हिरड्यांना साखर चोळली आणि रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेली होती.

शेठ म्हणाले, जावा ताई, लवकर जावा. मी हो म्हणाले आणि समोरच्या कापडाची घडी पुरी केली. कडेला कडा लावून केली. मग चप्पल शोधली. पुढे मी या घडीबद्दल स्वतःला खूप विचारलं. मला धावावंसं वाटलं नाही असं नाही, मला काहीच वाटत नव्हतं, आणि हात आपलं काम करत होते.

मी पोचले तेव्हा सलाईनमधून ग्लुकोज देऊन ती शुद्धीवर आली होती. आणली तेव्हा शुगर अठ्ठावीस होती. आणखी अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नसतं तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि थांबले. हर्षदाने मला बघून विचारलं, माझा डिझाईनचा कागद कुणी उचलला का?

डॉक्टर गुळवणींनी फोनवर सांगितलं की आज रात्रीचे डोस निम्मे करा आणि उद्या सकाळी तिला घेऊन या. त्या रात्री मला मांडीची भीती बसली होती. मी पुन्हा पोटात दिलं, निम्मंच, जुन्या जागी. सकाळी शुगर तीनशे दहा होती.

शनिवारी दहा वाजता आम्ही कोल्हापुरात होतो. डॉक्टरांनी दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. अठ्ठावीस आणि तीनशे दहा. ते म्हणाले, मधे काय बदललं ते मला कळायला हवं. कमी जेवली होती का? नाही. चाललीबिलली होती का? नाही. काही नवीन गोळी? नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, इंजेक्शनच्या बाबतीत काही वेगळं केलंत?"

"काही नाही," मी म्हणाले.

हर्षदाने माझ्याकडे बघितलं. मांडीत टोचलं होतं हे तिलाही माहीत होतं. पण सिस्टरांनीच सांगितलंय, असं मी तिला सांगितलं होतं, आणि सिस्टर तर समोरच उभ्या होत्या. त्या काही बोलत नाहीत हे तिला दिसलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला माझं खोटं कळलं.

डॉक्टर म्हणाले की काहीच कारण नसताना शुगर इतकी वरखाली होत असेल तर मंगळवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, पंप आजच लावू. त्यांनी सिस्टरांना तिचं पोट तपासायला सांगितलं. हर्षदा पडद्यामागच्या खाटेवर आडवी झाली. मी पायथ्याशी उभी राहिले. सिस्टरांनी हात चोळून गरम केला आणि पोटावरून बोटं फिरवायला लागल्या. उजवीकडे आल्यावर बोटं थांबली. मग डावीकडे गेली, आणि तिथेही थांबली.

"हर्षदा, इथे इंजेक्शन कोण देतं?"

"मीच देते," हर्षदा म्हणाली.

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

सिस्टर तिच्यावर चिडल्या. आवाज चढवला नाही, पण दहा मिनिटं बोलत राहिल्या. शिकलेली मुलगी तू, जागा बदलायला सांगतात ती काय गंमत म्हणून? एकाच ठिकाणी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीच्या गाठी होतात. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. पण तिथलं इन्शुलिन रक्तात नीट पोचत नाही. कधी पोचतं, कधी नुसतं अडकून बसतं. मग शुगर वाढते, मग डोस वाढवतात, तोही तिथेच जातो. "पंचेचाळीस किलोची मुलगी आणि दिवसाला नव्वद युनिट. मला पहिल्याच दिवशी शंका यायला हवी होती. तुझा डोळा या गाठींनी खाल्लाय, समजलं?"

"हो सिस्टर," हर्षदा म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी खाटेची लोखंडी कड धरून उभी होते. सिस्टर काय सांगत होत्या ते मला कळत होतं, शब्द आणि शब्द कळत होता. आणि तरी मला काही वाटत नव्हतं. रडू नाही, धडधड नाही. स्वतःचीच भीती वाटावी इतकं काही वाटत नव्हतं.

सिस्टरांनी पोटाच्या अगदी कडेला, कमरेच्या वर, चांगली जागा शोधली आणि बॉलपेनने गोल काढला. आम्ही पुन्हा टेबलाशी आलो. डॉक्टरांनी गाठींचं ऐकून मान हलवली. बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला, म्हणाले. फक्त शुक्रवारचं कळत नव्हतं. "शुक्रवारी दुपारी पण तिथेच दिलं होतंस?"

"हो," हर्षदा म्हणाली.

"म्हणजे गाठीतून कधीकधी एकदम बरंच शोषलं जातंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आकडेमोड केली. नव्वदचे पंपासाठी एकोणसत्तर धरू, नव्या जागी नीट लागू पडलं की हळूहळू कमी करू. त्यांनी कागद सिस्टरांकडे सरकवला आणि सिस्टर डबीची बटणं दाबायला लागल्या.

बावीस युनिट. एका दुपारचे बावीस युनिट चांगल्या जागी गेले आणि माझी मुलगी बाकावर पडली होती. आता एकोणसत्तर चांगल्या जागी जाणार होते, दिवसभर, झोपेतसुद्धा. मला दहावीपर्यंतचं गणित येत होतं. सिस्टर बटण दाबत होत्या, त्याचा बारीक टिकटिक आवाज येत होता. हर्षदा खाली बघत होती आणि काही बोलणार नव्हती. मी बोलले नाही तर कुणीच बोलणार नव्हतं.

"शुक्रवारी मांडीत दिलं होतं," मी म्हणाले.

सिस्टरांचं बोट थांबलं.

"मी दिलं होतं. बुधवारपासून. पोटावरचे डाग तुम्हाला दिसू नयेत म्हणून. पोटातही मीच देत होते, अकरा वर्षं. तिनं स्वतःच्या हातानं एकदासुद्धा घेतलेलं नाही. जागा बदलता का म्हणून तुम्ही विचारायचा, तेव्हा मी हो म्हणायची. मी बदलत नव्हते. तिथं तिला दुखत नव्हतं."

डॉक्टरांनी कागद परत आपल्याकडे ओढला, एकोणसत्तरवर काट मारली आणि खाली अडतीस लिहिलं. मग त्यावरही विचार करत बसले. शेवटी म्हणाले, पंप लावायचाच आहे, पण आज नको. आधी सहा आठवडे पेननेच, रोज वेगळ्या जागी, अडतीस युनिटवर बघू. तिला किती इन्शुलिन लागतं हे खरं म्हणजे आजपर्यंत कुणालाच कळलेलं नाही.

मला वाटलं आता सिस्टर मला बोलतील. मी वाट बघत होते. हर्षदाला दहा मिनिटं बोललेली बाई मला एक शब्द बोलली नाही. त्यांनी फ्रिजमधलं पेन काढलं, नवीन सुई लावली आणि माझ्या हातासमोरून हर्षदाच्या हातात दिलं. मांडीला चिमूट कशी धरायची, सुई सरळ कशी ठेवायची, दाबून दहा आकडे कसे मोजायचे, ते दाखवलं. हर्षदाने पहिल्यांदा सुई टेकवून परत उचलली. दुसऱ्यांदाही उचलली. तिसऱ्यांदा टोचली, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"दुखतंय," ती सिस्टरांना म्हणाली.

"दुखणार," सिस्टर म्हणाल्या. "सात, आठ, नऊ, दहा. काढ आता."

त्या दिवसापासून तिने मला कधी पेनला हात लावू दिला नाही. मी मागितलंही नाही. सहा आठवड्यांनी ती बेचाळीस युनिटांवर होती आणि शुगर एकशे तीस-चाळीसच्या घरात. तीन महिन्यांची सरासरी आठच्या खाली आली. पंप तिने पुढे दोन वर्षांनी घेतला, नोकरी लागल्यावर, आपल्या मनाने. आज ती सुरतेला एका मिलमध्ये डिझाईनं करते. लेसरच्या उपचाराने उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्याच्या मधोमध एक डाग आहे, तो जाणार नाही. त्या बाजूने कुणी आलं की ती मान वळवून बघते. मला भेटली की नीट बोलते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते, दिवाळीला साडी पाठवते. त्या गाठींवरून तिने मला आजवर शब्दाने दुखवलेलं नाही. तिचे वडील तर म्हणतात की मी उगीच मनाला लावून घेते.

पण त्या शनिवारी आम्ही एस्टीने परत येत होतो. भर दुपार होती, गाडी अर्धी रिकामी होती, ती खिडकीशी बसली होती. शिरोली मागे पडलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, मांडी दुखते का अजून? ती म्हणाली, थोडी. हातकणंगले जवळ आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच बोलायला लागली.

"आई, मी चोरून खात नव्हते."

"हं," मी म्हणाले.

"मला वाटायचं, खाल्लं असणार. आई एवढी म्हणतीय, आकडा पण दिसतोय. मी आठवत बसायची, आज कुणाच्या डब्यात हात घातला का, झोपेत उठून खाल्लं का. काही आठवायचं नाही. मग वाटायचं, मला कळत नाही पण मी खातीय." तिचा आवाज सरळ होता, रडका नव्हता. "वास्तुशांतीनंतर एकदा खाल्लं खरं. काकीच्या फडताळात लाडू होते, त्यातला एक. भूक नव्हती, खायची इच्छा पण नव्हती."

"मग कशाला खाल्लास?"

"म्हटलं, निदान आईचं खरं होऊ दे."

मी मान हलवली. ती कशाला हलवली, ते मला अजून कळलेलं नाही.